एकोणीस बोंडं

बसचं दार अडतं, खांद्यानं रेटावं लागतं.
गुरुवारी मी नुसता ड्रायव्हर नसतो,
गुरुवारी मी शेपूट,
ओळीच्या शेवटी चालणारा, रेंगाळलेल्यांना हाकणारा.
डाव्या खिशात ओकची एकोणीस बोंडं.
एक मूल कुंपण ओलांडतं,
एक बोंड उजव्या खिशात जातं.
आकडे मला फसवतात, बोटं नाही.

सेंट निनियन शाळा: दोन खोल्या, एक घंटा,
आणि नदीकाठची ही सहा एकर रानवट जमीन,
कुण्या म्हातारीनं मृत्युपत्रात देऊन टाकलेली.

आमच्या न्यूझीलंडात ईस्टर पानगळीत येतो.
दुकानातल्या कार्डांवर पिवळी पिल्लं, डॅफोडिल,
आणि बाहेर पॉप्लर पार रिता होत चाललेला.
मिसेस मनक्रीफनी घरून कागद आणलेत,
वर ठळक अक्षरांत 'नवं जीवन',
खाली चौकट: तुम्हांला दिसलेले तीन कोंब काढा.
नायरी म्हणते, बाई, कोंब नाहीत.
टॉर्क्विल म्हणतो, मला एक मेलेला पोसम दिसला, तो काढू?
बाई कागदाकडे बघतात, मग आभाळाकडे, मग पोसमकडे.
काढ, म्हणतात. दात नीट काढ.

दोन तऱ्हेची झाडं आहेत या काठावर.
तोतारा, रिमू: इथलीच, बारमाही हिरवी,
सगळं एकदम सोडून देणं त्यांना ठाऊक नाही.
आणि जहाजातून आलेली, माझ्या पणजोबासारखी,
गळायची सवय ज्यांनी सोबत आणली.
हमुएरा तोताराच्या सालीवर तळवा ठेवून
आजीनं शिकवलेलं काहीतरी पुटपुटतो.
मग 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', सगळे मिळून,
नाकं वाहताहेत,
आमेनच्या आत एक शिंक.

सव्वादोन. शिट्टी. कुंपण.
सोळा. सतरा. अठरा.
डाव्या खिशात बोट फिरतं, आणि एक बोंड
तिथंच. गार. गुळगुळीत.

त्या गोष्टीतल्या मेंढपाळाचं बरं होतं,
त्याला अडीचला बस सोडायची नव्हती,
नव्व्याण्णवांच्या आया फाटकाशी ताटकळत नव्हत्या.
शिवाय नदी.
सकाळपासून ती शेजारीच होती,
मला तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला.

फेतू. सामोआहून जानेवारीत आलेला,
अजून कोटाच्या बाह्या दुमडून घालणारा.
पॉप्लरखाली उभा, टोपी उलटी धरून, मान वर.
मी ओरडणार होतो. ओठांवर बोट ठेवून
त्यानं मलाच गप्प केलं.
"अजून पडताहेत," म्हणाला.
"मधेच कसं निघायचं?"

चर्चमधून मी मधेच उठून निघालो
त्याला या वर्षी वीस वर्षं होतील.

उभा राहिलो. मनगटावरचं घड्याळ बाहीत लोटलं.
एक पीवाकावाका आमच्या डोक्यांभोवती
शेपटीचा पंखा उघडत, मिटत राहिला.
पान सुटतं तेव्हा देठापाशी आवाज होतो, बारीक,
कुणी दुसऱ्या खोलीत दिव्याचं बटण दाबावं तसा.
साठी उलटल्यावर कळलं मला हे.

परतताना त्यानं विचारलं, खिशात काय खुळखुळतं?
दाखवलं. ओठ हलवत त्यानं सगळी मोजली.
"यातला तू कुठला?"
मी नाही त्यात, म्हटलं. मी मोजतो.
हे त्याला उत्तर वाटलं नाही.
फाटकाजवळच्या ओकखाली तो वाकला,
मला वाटलं बुटाची नाडी,
मग बसमध्ये चढताना माझ्या कोटाला घासून गेला.
बस पावणेतीनला सुटली. आया बोलल्या. ऐकून घेतलं.

रात्री खिसे टेबलावर उलटे केले:
शिट्टी, पेपरमिंटचा कागद, किल्ल्या, बोंडं.
वीस.
चष्मा लावून पुन्हा मोजली.
उद्या गुड फ्रायडे, शाळा बंद,
दाराच्या बिजागरीला तेल घालायचं आहे.
विसावं अजून ओलं होतं,
डोक्यावर टोपी तशीच.